वरळीतले ९५-९४

टॅक्सी महालक्ष्मीच्या पुलावर अडकली तेव्हा मामांनी विचारलं, "ही जोड लावली कुणी?"

"मामा, इथं जोड लावत नाहीत. प्रमोटर असतो, तो ठरवतो."

"कुणाचा प्रमोटर?"

"विजेंदरचा."

"म्हणजे पैलवान त्याचा आणि समोरचा निवडणार पण तोच," मामा म्हणाले आणि हाजी अली येईपर्यंत गप्प बसले.

तारीख ५ ऑगस्ट २०१७, शनिवार. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतियाली यांची दहा फेऱ्यांची लढत होती. ऑफिसातल्या एकाकडे दोन जादा पास होते. बायकोला बॉक्सिंग म्हटलं की अंगावर काटा येतो, म्हणून मी डिलाइल रोडवरच्या मामांना घेऊन गेलो. मामा तेव्हा बहात्तर वर्षांचे होते.

त्या रात्रीचं प्रकरण तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये गाजावाजा किती आणि खरी झुंज किती, हा वाद निघाला की लोक टायसनची म्हातारपणीची लढत काढतात, नाहीतर मेवेदर-मॅकग्रेगर. ती उदाहरणं सोपी आहेत, बघताक्षणी कळतात. वरळीचं अवघड, कारण तिथं गाजावाजाही पुरेपूर होता आणि झुंजही खरी निघाली. वर गाजावाजाच इतका मोठा की झुंज झाली हे बऱ्याच लोकांच्या लक्षातच आलं नाही.

मामांची दृष्टी

मामा मूळ सातारा जिल्ह्यातले. अंगात रग होती तोवर गावच्या तालमीत घुमले, मग १९६३ साली मुंबईत येऊन गिरणीत लागले. बॉक्सिंगमधलं त्यांना काही कळत नाही, पण कुस्तीचं मैदान कसं भरतं ते नीट ठाऊक आहे. जत्रेच्या मैदानात पैलवान हौद्याभोवती फिरतो, ज्याची तयारी असेल तो पुढं येऊन हात मिळवतो. पंच दोघांना शेजारी उभं करून अंगलट बघतात, वय बघतात, गेल्या साली कोण कुणाशी धरला होता ते आठवतात. जोड तोलामोलाची नसली तर पंचांच्या आधी पब्लिकच बोंब मारतं. यात लबाडी होतच नाही असं नाही. ठरवून खेळलेल्या कुस्तीला आपल्याकडे 'नुरा कुस्ती' हा खास शब्द आहे, म्हणजे तो प्रकार पुरेसा होत असणार. पण जोड लागते ती उघड्यावर, सगळ्या गावाच्या देखत.

आणि गंमत अशी की ठरलेल्या कुस्तीचा सगळ्यात मोठा सोहळा मामांनी बघितला तो याच जागी. एनएससीआय डोम म्हणजे मुळातलं सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम. साठच्या दशकात तिथं दारासिंगच्या फ्रीस्टाइल कुस्त्या होत आणि गिरणगावातून लोक पायी जात. फ्रीस्टाइलचा निकाल आधीच ठरलेला असतो हे मामांना तेव्हाही माहीत होतं.

"मग पैसे घालून कशाला जायचात?"

"दारासिंगला बघायला!" मामा वैतागून म्हणाले. मी फारच मूर्ख प्रश्न विचारला होता.

पोस्टरवर काय होतं

विजेंदर हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातल्या कालुवासचा. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्यानं ७५ किलो गटात कांस्य जिंकलं. बॉक्सिंगमधलं भारताचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. २०१५ मध्ये तो व्यावसायिक झाला. तेव्हा देशातली हौशी बॉक्सिंगची व्यवस्था कोलमडलेली होती. आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१२ च्या शेवटी भारतीय संघटनेला निलंबित केलं होतं आणि नवी बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडिया उभी राहायला २०१६ उजाडलं. अशा वेळी तिशीच्या उंबरठ्यावरच्या मुलानं इंग्लंडची वाट धरली, यात मला तरी वावगं काही दिसत नाही.

पहिली लढत १० ऑक्टोबर २०१५ ला मँचेस्टरमध्ये झाली. वरळीला येईपर्यंत आठ लढती, आठ विजय, त्यातले सात नॉकआउटने. पोस्टरवर हाच आकडा ठळक होता. झुल्पिकारही तोवर हरलेला नव्हता. वय तेवीस, विजेंदरपेक्षा आठ वर्षांनी लहान.

पणाला दोन पट्टे, म्हणजे किताब, होते. विजेंदरचा डब्ल्यूबीओ आशिया पॅसिफिक सुपर मिडलवेट आणि झुल्पिकारचा डब्ल्यूबीओ ओरिएंटल सुपर मिडलवेट. एक आशिया-पॅसिफिकचा, दुसरा पौर्वात्य. नकाशा घेऊन बसलात तर हे दोन मुलूख वेगळे कुठं होतात ते शोधून दाखवा. जागतिक पातळीवरच चार मोठ्या संघटना आहेत, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि सगळ्यात धाकटी १९८८ ची डब्ल्यूबीओ, आणि वजनगट तेव्हा सतरा. त्या प्रत्येकीच्या खाली असे प्रादेशिक किताब. किताबाची लढत म्हटली की संघटनेला फी मिळते, जिंकणाऱ्याला क्रमवारीत जागा मिळते आणि प्रमोटरला पोस्टरवर 'चॅम्पियन' लिहिता येतं. तिघांचंही भलं होतं. सुपर मिडलवेटचा डब्ल्यूबीओचा खरा विश्वविजेता त्या दिवशी मेक्सिकोचा गिल्बर्टो रामिरेझ होता. पोस्टरवर अर्थातच त्याचा उल्लेख असण्याचं कारण नव्हतं.

याखेरीज एक गोष्ट अशी होती की ती कुठल्याही प्रमोटरला विकत घेता आली नसती. जूनच्या मध्यापासून डोकलाममध्ये भारतीय आणि चिनी सैनिक समोरासमोर उभे होते, आणि ते २८ ऑगस्टपर्यंत हटले नाहीत. म्हणजे लढत बरोबर त्या तणावाच्या मधोमध आली. झुल्पिकारनं विजेंदरला त्याच्या घरात येऊन धडा शिकवण्याची भाषा केली. विजेंदरनं चिनी माल फार काळ टिकत नाही अशा अर्थाचं उत्तर दिलं. झालं! दोन बॉक्सर राहिले बाजूला, दोन देश रिंगमध्ये उतरले. झुल्पिकारचं नाव उइघुर, म्हणजे चीनच्या शिनजियांगमधल्या मुस्लिम समाजाच्या, वळणाचं आहे, तेव्हा 'चीन' म्हणून ज्याला शिव्या पडत होत्या तो माणूस नेमका कुठल्या चीनचा, हा प्रश्न त्या आठवड्यात कुणालाच नको होता.

हरण्यासारखं काय होतं

मामांचा प्रश्न मी घरी आल्यावर पुरता मनावर घेतला आणि विजेंदरच्या लढती पुन्हा बघायला बसलो. जोड प्रमोटरच लावणार हे गृहीत धरलं, तर बाहेरच्या माणसानं खरेखोटेपणा ओळखायचा कसा? मला सापडलेली कसोटी अशी: समोरच्याकडे हरण्यासारखं काय आहे ते बघा. ज्याच्याकडे तसं काही नसतं तो येतो, ठरलेले पैसे घेतो, फार दुखापत न होता परत जातो. अशा बॉक्सरना त्या धंद्यात जर्नीमन म्हणतात. ते फसवत नसतात. प्रामाणिकपणे उभे राहतात, पण जिंकण्यासाठी त्यांना बोलावलेलंच नसतं.

या कसोटीवर सुरुवातीचे प्रतिस्पर्धी पटापट बाजूला होतात. हंगेरीचा अलेक्झांडर होर्वाथ मार्च २०१६ मध्ये लिव्हरपूलला आला तो सापाचं रक्त पिऊन सराव करतो अशी जाहिरात करत. तिसऱ्या फेरीत लढत संपली. रक्ताची बातमी मात्र आपल्याकडे लढतीपेक्षा जास्त वाचली गेली. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्लीला आलेला टांझानियाचा फ्रान्सिस चेका हा चाळीसहून अधिक लढतींचा मुरलेला गडी, पण त्याचा भर ओसरला होता. तोही तिसऱ्या फेरीतच गेला.

मधला केरी होप वेगळा. वेल्सचा हा बॉक्सर २०१२ मध्ये काही महिने युरोपचा मिडलवेट विजेता होता. जुलै २०१६ मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये तो विजेंदरसमोर दहाच्या दहा फेऱ्या उभा राहिला आणि गुणांवर स्पष्ट हरला. सात नॉकआउटच्या रांगेत ही एक लढत खटकावी, निदान विचारात पाडावी अशी होती. हौशी बॉक्सिंग तीन फेऱ्यांचं असतं. तिथला दम वेगळा आणि दहाव्या फेरीतला वेगळा, जसा शंभर मीटर पळणारा आणि वारी चालणारा.

हे सगळं ठरवून केलेलं होतं यात शंका नाही, पण त्याला मी नुरा म्हणणार नाही. प्रत्येक मोठ्या बॉक्सरला सुरुवातीला हलके प्रतिस्पर्धी देऊनच चढवत नेतात. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला अशा वीस-पंचवीस लढती दिल्या तरी पंचविशीत तो खऱ्या परीक्षेला बसतो. विजेंदरनं सुरुवात केली तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. शिडीच्या पायऱ्या तेवढ्याच आणि वेळ निम्म्याहून कमी. त्यातून आपल्याकडे बॉक्सिंगचं घरबसल्या तिकीट काढून बघणारं गिऱ्हाईक नाही. पैसा येतो तो प्रायोजकांकडून आणि टीव्हीकडून, आणि प्रायोजकाला जिंकणारं नाव हवं असतं. घरच्या मैदानात हरलेला ऑलिम्पिकवीर कुठल्या जाहिरातीत घालणार? म्हणून सुरक्षित जोड लागत राहते. यात कुणी एक खलनायक नाही.

झुल्पिकार या रांगेत बसत नव्हता. त्याच्याकडे हरण्यासारखं बरंच होतं: न हरल्याचा आकडा, स्वतःचा पट्टा आणि पुढची दहा वर्षं. ही जोड लागली कशी, याबद्दल माझा आपला तर्क असा की दोन पट्टे एकत्र आले की पोस्टर दुप्पट मोठं होतं आणि त्या मोहात समोरचा तरुण आहे, ताजा आहे, याकडे थोडं दुर्लक्ष झालं. डोकलाम तर ध्यानीमनी नसताना आलं. म्हणजे अतिरेकी जाहिरातबाजीच्या हौसेपोटीच वरळीला खरी झुंज मिळाली असं म्हणावं लागेल.

डोममध्ये

आमच्या जागा मागच्या होत्या. पुढं रिंगजवळ सिनेमातली आणि पैशातली माणसं, मागं आम्ही आणि कुठल्या कुठल्या क्लबांतून आलेली पोरं. मुख्य लढतीआधी अखिल कुमार आणि जितेंदर कुमार हे दोघे व्यावसायिक म्हणून पहिल्यांदा उतरले. दोघंही बीजिंगला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलेले, आणि अखिलनं तर तिथं तेव्हाच्या विश्वविजेत्याला, रशियाच्या वोदोप्यानोवला हरवलं होतं. पण वरळीत अखिल छत्तीस वर्षांचा होता. छत्तिसाव्या वर्षी पदार्पण! दोघेही जिंकले, टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या वाजवताना थोडं ओशाळल्यासारखं झालं. नऊ वर्षांपूर्वीची उधारी आम्ही आत्ता फेडत होतो.

नीरज गोयतही त्याच रात्री खेळला आणि फिलिपिन्सच्या बॉक्सरवर जिंकला. तेव्हा कुणी त्याच्याकडे फारसं बघितलं नाही. त्याचं पुढं येईल.

मुख्य लढतीच्या सुरुवातीला विजेंदर सरस वाटत होता. लांब हात, नीट जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), पाय हलते. लोक 'इंडिया, इंडिया' करत होते आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बाकावरचा जो तो पाचवीच्या आत संपणार असं एकमेकांना सांगत होता. विजेंदरलाही तसंच वाटलं होतं, हे त्यानं नंतर कबूल केलं. प्रत्यक्षात झुल्पिकार गेला नाही. तो आत घुसत राहिला, अंगावर मारत राहिला, आणि त्यात काही ठोसे कमरेखाली गेले. रिंगमधल्या पंचांनी त्याचा एक गुण कापला. आमच्या बाजूला प्रचंड आरडाओरडा झाला, म्हणजे ठोसा लागला तेव्हा नव्हता झाला इतका.

शेवटच्या फेऱ्यांत विजेंदर दमलेला दिसत होता आणि झुल्पिकार पुढं येत होता. आवाज उतरला. मामा आतापर्यंत मागं रेलून बसलेले, ते पुढं सरकले.

"हा पोरगा चांगला आहे रे."

"मामा, हळू बोला."

"का? चांगल्याला चांगलं म्हणायचं नाही?"

घंटा झाली. निकाल एकमताने विजेंदरच्या बाजूनं: ९६-९३, ९५-९४, ९५-९४. डोम उसळला. मामा टाळ्या वाजवत होते, पण वाकून माझ्या कानात म्हणाले, "बरोबरीत सोडवायला पाहिजे होती."

मला राग आला. एवढे पंच बसलेत, त्यांना कळत नाही आणि गिरणीतल्या माणसाला कळतं!

गुणांचा हिशेब

दुसऱ्या दिवशी सकाळी जे मथळे मी वाचले त्यांत सीमा होती, शांतता होती, दुहेरी किताब होता. कारण लढत संपल्यावर रिंगमध्येच विजेंदर म्हणाला होता की सीमेवर तणाव नको, हा पट्टा मी झुल्पिकारला परत द्यायला तयार आहे. आठवडाभर चिनी मालावरून रान पेटवल्यावर ते वाक्य ऐकून मला बरं वाटलं, आणि ते मनापासून होतं असंच मी मानतो. पण त्या वाक्यानं लढतीची उरलीसुरली बातमीही खाऊन टाकली. रविवारी चहा घेताना मी गुणांचे आकडे कागदावर मांडले.

पद्धत साधी आहे. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला ९, खाली पडला तर ८. ("हरून नऊ?" मामांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. चितपट झालेल्याला नऊ गुण कुठल्या मैदानात देतात?) दहा फेऱ्यांत कुणी खाली पडलं नाही तर दोघांची मिळून बेरीज १९० यायला हवी. वरळीच्या तिन्ही पंचांच्या कार्डांची बेरीज करून बघा. १८९, १८९, १८९. गेलेला एक गुण तो कमरेखालच्या ठोशांचा.

आता तो गुण परत घाला. ९६-९३ चं ९६-९४ होतं: एका पंचाच्या मते विजेंदरनं सहा फेऱ्या जिंकल्या, झुल्पिकारनं चार. उरलेल्या दोन कार्डांवर ९५-९५ होतं. दोन पंचांनी पाच-पाच फेऱ्या वाटून दिल्या होत्या. तीनपैकी दोघांनी बरोबरी दिली की लढत बरोबरीत सुटते.

मामांना फोन लावला.

"तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं."

"कशाबद्दल?" ते विसरलेही होते.

गुण कापणं अन्यायाचं होतं असं मला म्हणायचं नाही. कमरेखाली मारणं चूकच, आणि चुकीची किंमत मोजणं हाही लढतीचाच भाग. विजेंदर नियमानं जिंकला. पण ठोशांच्या हिशेबात दोन पंचांना ते दोघे सारखे वाटले होते, आणि ही गोष्ट त्या रात्री डोममधल्या कुणाही माणसाला सांगितली असती तर त्यानं तुम्हाला चिनी हेर ठरवलं असतं.

आणखी एक बारीक गोष्ट त्या कागदावर दिसली. लढत बरोबरीत सुटली तर रिवाज असा की विजेता आपला किताब राखतो. इथं दोघेही आपापल्या पट्ट्याचे विजेते. म्हणजे बरोबरी झाली असती तर विजेंदरकडे त्याचा पट्टा राहिला असता आणि झुल्पिकार आपला घेऊन घरी गेला असता. विजेंदरनं रिंगमध्ये उभं राहून जे देऊ केलं ते नेमकं तेच होतं! किताब असा हातोहात वाटता येत नाही, तो संघटनेचा असतो. तरी शांततेचा निरोप म्हणून उच्चारलेलं वाक्य निकालापेक्षा लढतीच्या जास्त जवळ गेलं.

त्याच मोसमात, दुसरीकडे

वरळीनंतर तीन आठवड्यांनी, २६ ऑगस्टला, लास वेगासमध्ये बॉक्सर फ्लॉइड मेवेदर आणि मिश्र मार्शल आर्ट्समधला (एमएमए) कॉनर मॅकग्रेगर लढले. मेवेदरचे ४९ विजय, मॅकग्रेगरची ही पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत. एकट्या अमेरिकेत ती सुमारे ४३ लाख घरांनी पैसे भरून बघितली. दहाव्या फेरीत पंचांनी थांबवली. माझी कसोटी इथं नेमकी लागू पडते: मॅकग्रेगरकडे बॉक्सिंगमध्ये हरण्यासारखं काहीच नव्हतं, कारण बॉक्सिंगमध्ये त्याचं काही नव्हतंच.

पुढच्याच महिन्यात, १६ सप्टेंबरला, त्याच शहरात कानेलो अल्वारेझ आणि गेन्नादी गोलोवकिन. दोघंही शिखरावर, दोघांकडेही गमावण्यासारखं सगळं. बारा फेऱ्या जीव तोडून लढले. आणि एका पंचानं कार्ड दिलं कानेलोच्या बाजूनं ११८-११०, म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या त्याच्या. दुसऱ्यानं ११५-११३ गोलोवकिनला, तिसऱ्यानं ११४-११४. लढत बरोबरीत. खरी झुंज लावली की सगळं आलबेल होतं अशा भ्रमात राहू नये म्हणून ही आठवण. पंच माणसं असतात, आणि पुढची तारीख कुणाच्या नावावर विकली जाणार हे त्यांनाही माहीत असतं. त्यांनी म्हणून तसं केलं असा माझा आरोप नाही. पण संशयाला जागा राहते.

नंतर

वरळीनंतर विजेंदरनं एक पायरी वर जायला हवं होतं. झुल्पिकारनं त्याला कुठं कमी पडतोस ते दाखवून दिलं होतं, फुकटात. डिसेंबर २०१७ मध्ये जयपूरला घानाच्या अर्नेस्ट अमुझूवर गुणांनी विजय मिळाला. मग २०१८ चं सबंध वर्ष एकही लढत नाही. २०१९ मध्ये दक्षिण दिल्लीतून लोकसभेची निवडणूक, तीत पराभव, जुलैमध्ये अमेरिकेतली पहिली लढत आणि विजय, नोव्हेंबरात दुबईला बेचाळीस वर्षांच्या चार्ल्स अदामूवर विजय. आकडा झाला बारा लढती, बारा विजय. पोस्टरसाठी उत्तम.

१९ मार्च २०२१ ला गोव्यात, मांडवीतल्या 'मॅजेस्टिक प्राइड' या कॅसिनो जहाजाच्या छतावर, रशियाचा आर्तिश लोप्सान समोर आला. सव्वीस वर्षांचा, सहा फूट चार इंच, नावावर जेमतेम सहा लढती. माझ्या कसोटीनुसार याच्याकडे गमावण्यासारखं काहीच नव्हतं, तेव्हा निकाल ठरलेला. मी कसोटी लावून मोकळा झालो आणि पाचव्या फेरीत विजेंदर हरला. व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला पराभव. पस्तिशी, सोळा महिन्यांचा खंड, मधे कोविड, सगळी कारणं खरी. पण माझी कसोटीही तिथंच मांडवीत बुडाली. गमावण्यासारखं काही नसलेला माणूस कधीकधी नुसता उंच असतो आणि त्याला जिंकायचं असतं. तेव्हापासून मी ती वापरतो, पण पैज लावत नाही.

डोम दरम्यान कोविडचं जम्बो केंद्र झाला होता. जिथं रिंग लागली होती तिथं खाटा लागल्या.

आणि नीरज गोयत. वरळीच्या पोस्टरवर बारीक अक्षरात असलेला हा बॉक्सर २०१९ मध्ये जेद्दाहला ब्रिटनच्या आमिर खान या बॉक्सरशी लढणार होता. अडीच-तीन आठवडे आधी मोटार अपघात झाला आणि संधी गेली. त्यानंतर तो जगासमोर आला १५ नोव्हेंबर २०२४ ला, टेक्ससमधल्या आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये, यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला जेक पॉल विरुद्ध माइक टायसन या कार्यक्रमात. समोर कोण? विंडरसन नुनेस, ब्राझीलचा विनोदवीर आणि यूट्यूबर. नीरजनं सहाच्या सहा फेऱ्या जिंकल्या, तिन्ही कार्डांवर ६०-५४. वर्षानुवर्षं व्यावसायिक बॉक्सरांशी लढून जेवढं नाव झालं नव्हतं तेवढं एका विनोदवीराला हरवून झालं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पोरानं पैसे कमावले.

आपल्याकडे तेव्हा शनिवारची सकाळ. मामा आता एकोणऐंशीचे, गुडघ्यांनी जेरीस आलेले, आमच्याकडे राहायला आले होते. मी टीव्ही लावला. नेटफ्लिक्स मधूनमधून अडकत होतं, चित्र गोठलं की मामा चहा मागत. नीरजची लढत त्यांनी बघितली. "समोरचा कोण?" असं विचारलं, मी सांगितलं, ते हसले.

मग केटी टेलर आणि अमांडा सेरानो. सेरानोची भुवई फाटून रक्त वाहत होतं, टेलरचा डोकं लागल्याबद्दल एक गुण कापला गेला, आणि दहा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांनी दिलं ९५-९४, टेलर. वरळीचेच आकडे. फक्त इथं गुण गमावलेली जिंकली होती, म्हणजे तिन्ही पंचांनी तिला सहा फेऱ्या दिल्या असणार. स्टेडियम निकालावर हुर्यो करत होतं. मी कागद शोधू लागलो.

"मामा, बघितलंत? ९५-९४! तुम्हाला आठवतं, वरळीला..."

मामा खुर्चीत मान टाकून झोपले होते. मी टीव्हीचा आवाज कमी केला, तर डोळे न उघडता म्हणाले, "टायसन आला की उठव रे मला."